सातव्या वर्षाचा शिक्का

केरेम-शालेव वसाहत,
मंगळवार, ११ हेश्वान ५६७०

प्रिय बाबा,

देव तुम्हाला एकशेवीस वर्षं देवो, आणि त्यातली दोन-चार मिनिटं मला उत्तर लिहायला देवो.

नव्या वर्षाला पत्र पाठवलं. मोठ्या उपवासाआधी क्षमा मागणारं पाठवलं. मांडवांच्या सणातही एक पाठवलं. हे चौथं. कोपल गाडीवाला म्हणतो, "बाई, मी तुमच्या वडिलांच्या हातात देतो. ते घेतात, खिशात घालतात आणि मला विचारतात, घोडा बरा आहे का?" घोड्याची चौकशी होते, लेकीची होत नाही. असो. तुमच्या डोळ्यांवरचा पडदा वाढला असेल म्हणून या वेळी अक्षर मोठं काढलंय. खिडकीशी बसून भिंग लावून स्वतः वाचा. कुणाकडून वाचून घेऊ नका.

इकडे आम्ही दोघं खुशाल. मला दोनदा थंडीताप येऊन गेला. क्विनाईन घेतली, आठवडाभर कानांत मधमाश्या घोंगावत होत्या, आता बरी आहे. बदामाच्या झाडांची पानं गळायला लागली आहेत. संध्याकाळी समुद्राकडून वारा येतो आणि सगळी वसाहत जरा वेळ गप्प होते. गाढवंसुद्धा. या वर्षी ही गप्प होण्याची वेळ लांबली आहे असं मला वाटतं. माणसं शेतात जातात, पण हळू बोलतात. कालच पाहिलं, दोघे मजूर फावडी खांद्यावर घेऊन वेलींमधून अनवाणी चालले होते, पाळण्याजवळून जावं तसे. हे दोघं शब्बाथच्या पवित्र दिवशीही सिगारेटी ओढणारे! त्यांना सातव्या वर्षाचं काय? पण पाय हळूच टाकत होते.

यांना सांगितलं तर हसले. म्हणाले, "हेन्ये, जमीन झोपली आहे हे त्यांच्या पायांना कळतं. डोक्याला कळायला वेळ लागेल."

तुमचे जावई असे. तुम्हाला काय नवीन सांगायचं? तुमच्याच घरात ते सात वर्षं तुमच्या समोर बसून शिकले, आणि मी पडद्यामागे बसून ऐकलं. तेव्हाही पानाच्या मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायचे आणि तुम्ही टेबलावर बोटं वाजवायचात, "गेदाल्या, कुठे गेलास?" ते म्हणायचे, "पवित्र भूमीत, गुरुजी." तुम्ही म्हणायचात, "बरं, जेवायच्या आत परत ये." तेव्हा तुम्ही हसायचात, बाबा. मी पडद्याच्या फटीतून बघितलंय. मग ते खरंच आले इथे, मला घेऊन. मागाहून तुम्हीही आलात, पण तुम्ही यरुशलेमला गेलात, पोथ्यांकडे. आणि हे इथे राहिले, द्राक्षांकडे.

कोपल सांगत होता, यरुशलेमात भिंतींवर यांच्याविरुद्ध पत्रकं लागली आहेत. यांना तिकडे "द्राक्षांचा रब्बी" म्हणतात म्हणे. आणि खालच्या नावांत पहिलं नाव तुमचं. मी त्याला म्हटलं, खोटं बोलतोस. त्याने खिशातून एक काढून दाखवलं. झालं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी वाद घालायला लिहीत नाही. दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा, हात लावायचा नाही हे पवित्र तोरेत लिहिलंय, ते मी का तुम्हाला शिकवावं? पण वर्षभर कुणी हात लावला नाही तर वेली वाळतील. विधवा त्सिव्याला चार मुलं आणि एवढाच मळा. ती वसाहत सोडून बोटीत बसेल, तिच्यामागे बाकीचे बसतील. यांनी पुष्कळ विचार केला. एकट्याने नाही, इतर वसाहतींच्या रब्बींबरोबर बसून केला. जमीन वर्षभरापुरती शेजारच्या अरब गावच्या अबू अर्शीदला विकायची. मग ती आपली नव्हे, परक्याची. आणि परक्याच्या जमिनीवर काम करायला हरकत नाही. तुम्ही म्हणता ही पळवाट आहे. हे म्हणतात, "आजाऱ्याला उपवासाच्या दिवशी घोटभर पाणी देतो, तेवढीच." मी मधे बोलत नाही.

तुमचं पत्र वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी पोचलं. "शिक्का मारलास तर मला गुरू म्हणू नकोस." एवढी एकच ओळ. त्यानंतर विक्रीपत्रावर शिक्का लागला. त्या दिवशी खूप गरम वारा होता. असो, तो दिवस जाऊ दे.

अबू अर्शीद दर शुक्रवारी येतो. ओट्यावर बसून कॉफी पितो आणि मोठ्याने विचारतो, "काय, माझी जमीन कशी आहे?" सगळे हसतात. तो म्हणतो, "एवढ्या मळ्यांचा मालक झालो, तरी बायको अजून मलाच लाकडं फोडायला लावते." तुम्ही त्याला भेटलात तर तुम्हाला आवडेल.

दिव्यांच्या सणाला या ना. आमचं काही खाऊ नका हवं तर. तुमची भांडी आणा, तुमची भाकरी आणा. नुसते बसा. लग्नाला सोळा वर्षं झाली, देवाने मूल दिलं नाही, घरात बोलायला हे आहेत आणि हे तर निम्मा वेळ इथे नसतातच. मला माझा बाप हवा आहे. एवढंच मागणं.

तुमची
हेन्या


केरेम-शालेव,
गुरुवार, २० दुसरा अदार ५६७०

बाबा,

टोपली परत मिळाली.

झाडांच्या नव्या वर्षाच्या सणाला मी तुम्हाला बावीस संत्री पाठवली होती. निवडून, पुसून. दोन महिन्यांनी कोपलने ती परत आणून माझ्या ओट्यावर ठेवली आणि घोड्याच्या आड जाऊन उभा राहिला. मी टोपलीवरचं फडकं काढलं. बावीसच्या बावीस. प्रत्येक संत्रं वेगळं कागदात गुंडाळलेलं, आणि कागद कसला, तर तेच पत्रक. फाडून, चौकोन करून. एका संत्र्यावर यांचं नाव होतं, एकावर तुमचं. एकावर नुसतंच "धिक्कार असो."

आधी मला इतका राग आला की टोपली उकिरड्यावर फेकायला निघाले. मग कुंपणापाशी थांबले. डोक्यात आलं, बाबांच्या मते विक्री खोटी, म्हणजे ही सातव्या वर्षाची फळं, म्हणजे पवित्र. ती फेकता येत नाहीत, नासूही द्यायची नाहीत. जमीन सगळ्यांना मोकळी न सोडता राखून पिकवलेली, म्हणून खाताही येत नाहीत. म्हणजे माझा म्हातारा दोन महिने बावीस संत्री समोर ठेवून बसला! थंड फरशीवर ठेवली असतील, एकमेकांना लागू नयेत म्हणून गुंडाळली असतील, आणि घरात दुसरा कागद कुठला? मी कुंपणाला धरून हसले आणि तिथेच रडले. त्सिव्या पलीकडून म्हणाली, "बाई, एक काय ते करा." तीन नासली होती. बाकीची आम्ही खाल्ली.

बाबा, तुम्ही संत्र्यांशी एवढे प्रामाणिक वागलात. मग मी तुमच्याशी खोटं का वागतेय? गेल्या पत्रात "शिक्का लागला" असं लिहिलं. शिक्का आपोआप लागत नाही.

ऐका. त्या बुधवारी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, वाळवंटाकडचा वारा सुटला होता. हवा पिवळी. दूरची माणसं जमिनीपासून वीतभर वर चालताहेत असं दिसत होतं. सकाळी सगळे शेतकरी ओळीने आले, प्रत्येकाने यांच्या रुमालाचं टोक धरून उचललं आणि आपली जमीन विकायचा अधिकार यांना दिला. विक्रीपत्र तयार होतं. राहिलं होतं एकच काम. सूर्य मावळायच्या आत हे त्यावर आपला शिक्का मारणार आणि कागद अबू अर्शीदच्या हातात देणार. हातात पडला की जमीन त्याची. नाही पडला, तर नवं वर्ष लागलं, संपलं.

दुपारी तुमची ती ओळ आली. यांनी उभ्याने वाचली. घडी करून छातीच्या खिशात ठेवली. म्हणाले, "मी जरा येतो." आणि चष्मा टेबलावर तसाच ठेवून वेलींच्या दिशेने गेले. मी हाक मारली नाही. तो चेहरा मला माहीत होता. तुम्ही रागावलात की विद्यार्थी असताना असाच व्हायचा.

अबू अर्शीद ओट्यावर बसून राहिला. त्याला तीनदा कॉफी दिली. ऊन कलायला लागलं. मी दारातून मळ्याकडे बघत होते, आणि मळा उन्हात हलत होता, माणूस कुठेच नाही. शेतकरी धुतलेले कपडे घालून सिनेगॉगकडे निघाले. कुणाला शंकाच नव्हती. रब्बी म्हणाले करतो, म्हणजे केलं. फक्त त्सिव्या कुंपणाशी आली. हात एप्रनखाली लपवलेले. तिने विचारलं, "बाई, झालं ना?"

मी म्हटलं, "झालं."

आधी खोटं बोलले, बाबा. त्यानंतर आत गेले. टेबलावर शिक्का होता, शाईची डबी होती. हात माझाच होता की नाही मला कळत नव्हतं, पाण्याखाली हात हलवावा तसं वाटत होतं. तापात होते असं म्हणून मला सुटता येईल. पण ताप नव्हता. मी डबी उघडली, शिक्का शाईत टेकवला, कागदावर दाबला. बाहेर येऊन अबू अर्शीदच्या हातात कागद दिला. त्याने तो कपाळाला लावला आणि म्हणाला, "देव तुमच्या घराला बरकत देवो." सूर्य अजून दोन बोटं वर होता. मी मोजला.

हे परस्पर सिनेगॉगमध्ये गेले. तिथून घरी आले तेव्हा बुटांवर धूळ होती. टेबलाकडे बघितलं. शाईची डबी उघडीच राहिली होती. त्यांनी झाकण लावलं, हात धुतले, आणि द्राक्षारसावर आशीर्वाद म्हटला. काही विचारलं नाही. मला वाटलं, यांना वाटतंय आपणच मारला. यांचं काय सांगावं, एकदा स्वतःचंच लग्न विसरून दुसऱ्या गावी व्याख्यानाला निघाले होते.

त्या दिवसापासून मी गप्प आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकून भाकरी मळता येत नाही, बाबा. चाळीस घरं त्या शिक्क्यावर पेरताहेत, तोडताहेत, खाताहेत. वसाहतीतलं प्रत्येक पोर काकडी कुरतडत माझ्या दारावरून जातं आणि मला कापरं भरतं.

आता प्रश्न. पडद्यामागे शिकले ते आज उपयोगी पडू दे. तुमच्या मते अशी विक्रीच खोटी. मग शिक्का कुणी मारला याने काय फरक पडतो? मी निर्दोष, पण मग चाळीस घरांना निषिद्ध खाऊ घातलं ते तुमच्या शिष्याने. त्यांच्या मते विक्री खरी. पण विकण्याचा अधिकार शेतकऱ्यांनी त्यांना दिला होता, मला नाही. मग विक्री झालीच नाही, आणि पाप सगळं माझं. म्हणजे एक तर ते दोषी, नाहीतर मी. इकडे आड तिकडे विहीर. कोण दोषी ते मला सांगा.

या एका पत्राने मी यांची मान तुमच्या हातात देते आहे, हे मला कळतं. तुमच्या सोबतच्यांना हे कळलं तर उद्या भिंतींवर नवीन पत्रक: द्राक्षांच्या रब्बीचा शिक्का त्याची बायको मारते. तरी लिहिते. यरुशलेमात खरा निवाडा देणारा माणूस मला एकच माहीत आहे.

बाप म्हणून लिहू नका. रब्बी म्हणून लिहा.

हेन्या


केरेम-शालेव,
गुरुवार, २५ एलूल ५६७०

माझे बाबा,

आता चार दिवस राहिले. सोमवारी सूर्य मावळला की सातवं वर्ष संपेल. सकाळी हवेत गारवा असतो, मळ्यांत धुकं उतरतं आणि वेलींची नुसती टोकं वर दिसतात. मी दारात उभी राहून बघत बसते आणि चुलीवरचं दूध उतू जातं. यांचा रोग मला लागला.

तुमचा कागद आब महिन्यात मिळाला. साडेचार महिने लागले तुम्हाला. कोपलने तो टोपीच्या अस्तरातून काढून दिला, म्हणाला, "तुमच्या वडिलांनी घोड्याचं काही विचारलं नाही या वेळी." ओळी वरखाली गेल्या आहेत, एक अक्षर दुसऱ्यावर चढलंय. म्हणजे कुणाला सांगून लिहून घेतलं नाहीत. स्वतः लिहिलंत, दिसत नसताना.

"बायको हे नवऱ्याचंच शरीर. तिच्या हाताने लागलेला शिक्का त्याचाच. विक्री झाली. वर्षभर जमीन अबू अर्शीदची होती. त्या वसाहतीत कुणी निषिद्ध खाल्लं नाही. कुणी दोषी नाही." आणि खाली तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि तुमचा शिक्का.

मी ते उभ्याने वाचलं आणि खाली बसले. विक्री झाली. तुम्ही लिहिलंत हे! एका वर्षात तीन पत्रकं काढून, पहिली सही करून, आणि मग मोडक्या अक्षरात लिहिलंत: विक्री झाली. बाबा, मी दोनच दारं दाखवली होती. तुम्ही तिसरं उघडलंत आणि स्वतः बाहेर राहिलात.

तीन आठवडे मी तो कागद पिठाच्या डब्यात ठेवला. रोज पीठ काढताना हाताला लागायचा. यांना सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

मग याफाहून बोलावणं आलं. उपवासाच्या दिवसानंतर सभा आहे. यरुशलेमचे आठ रब्बी येणार आणि यांनी सर्वांसमोर उत्तर द्यायचं: लोकांना पापात का ढकललंस? उत्तर पटलं नाही तर यांचं रब्बीपद जाईल, यांच्या स्वयंपाकघराचं, यांनी लावलेल्या लग्नांचं, सगळ्याचंच नाव खराब होईल. बोलावण्यावर तुमची सही नाही, पण आठांत तुम्ही आहात हे कोपलला माहीत होतं. त्याला सगळं माहीत असतं.

त्या संध्याकाळी हे वेलींत फिरत होते. मी एप्रनच्या खिशात कागद घालून गेले. ऊन तिरपं झालं होतं, पानं लाल व्हायला लागली होती. यांनी मला बघितलं आणि म्हणाले, "ये. इथे उभी राहा. ऐक, सातवं वर्ष संपत आलं की जमीन झोपेत बडबडते."

मी म्हटलं, "जमीन नंतर. आधी मी बडबडते." आणि सांगितलं. त्सिव्या, शाई, दोन बोटं सूर्य, तुम्हाला लिहिलेलं पत्र. एका दमात.

त्यांनी वेलीवरचं एक सुकलं पान खुडलं. मग म्हणाले, "हेन्ये, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मी त्या बदामाच्या झाडामागे होतो. दार दिसत होतं. तू आत गेलीस, बाहेर आलीस, कागद दिलास. मी बघितलं."

"चष्मा नव्हता तुमच्याकडे!"

"तू मला चष्म्याशिवाय दिसतेस."

बाबा, दुसरी कुणी असती तर विरघळली असती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडले, खरंच ओरडले, पाखरं उडाली. "वर्षभर माहीत होतं? वर्षभर मी जळत होते, आणि तुम्ही झाडामागे उभे राहून बघितलंत? हाक का नाही मारलीत? येऊन माझ्या हातातून शिक्का का नाही घेतलात?"

ते म्हणाले, "गुरुजींनी लिहिलं होतं, शिक्का मारलास तर मला गुरू म्हणू नकोस. मी दहा पावलं टाकायचो आणि परत मागे जायचो. मग तू मारलास. आणि मला हायसं वाटलं. हे माझं पाप, हेन्ये. उपवासाच्या दिवशी बाकी कशाचीही क्षमा मागितली तरी याची पहिली मागेन. तुझ्या हाताने मी माझा गुरू वाचवला."

आणि रडले. एवढा मोठा माणूस. ज्याच्या लेखांवर विल्नापासून याफापर्यंत भांडणं होतात, अनवाणी नास्तिक पोरं ज्याच्या मागे मैलभर चालतात, तो वेलींमध्ये उभा राहून नाक पुसत होता. मला कीव आली, प्रेम आलं आणि राग तसाच राहिला. अजून आहे. लिहिते आहे तेव्हाही आहे. तुम्हा दोघांचं एकमेकांवर इतकं प्रेम, आणि मधे तोंड दाबून बुक्क्यांचा मार कुणाला? मला. हे मी त्यांना सांगितलं, तुम्हालाही सांगते.

मग तुमचा कागद दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला. एकदा, दोनदा. ओठांना लावला. मला वाटलं, आता सुटलो. हा कागद याफाच्या सभेत काढून ठेवला की आठही जण गप्प. वर्तमानपत्रवाले तर नाचतील. वर्षभर हा माणूस तुमच्या एका बऱ्या शब्दासाठी झुरला, आणि शब्द आला तो असा, शिक्क्यासकट.

त्यांनी घडी केली आणि मला परत दिला. म्हणाले, "परत पाठव."

"वेड लागलंय का? हा निवाडा आहे! तुमच्या बाजूने आहे!"

"हेन्ये, नीट वाच. हा निवाडा नाही. हा बाप आहे. गुरुजींचं मन वाचल्याशिवाय मी त्यांच्याकडे सात वर्षं शिकलो का? त्यांना विक्री आजही खोटीच वाटते. लेकीला रात्रीची झोप लागावी म्हणून त्यांनी आपलं आयुष्यभराचं नाव या कागदावर ठेवून दिलं. ते मी सभेत घेऊन जाऊ? बापाच्या प्रेमावर मला वाद जिंकायचा नाही. मी माझं म्हणणं मांडेन. हरलो तर हरलो."

मी पुष्कळ भांडले. तीन दिवस भांडले. नाकाने कांदे सोलू नका म्हटलं, चाळीस घरांचा विचार करा म्हटलं. ते म्हणाले, चाळीस घरांनी वर्षभर पोटभर खाल्लं, वेली हिरव्या आहेत, त्सिव्या बोटीत बसली नाही; जे वाचवायचं होतं ते वाचलं. आता राहिलो मी. माझ्याकरता हा कागद नको.

म्हणून सोबत तुमचा कागद परत पाठवते आहे. कोपलच्या टोपीतून. मिळाला की जाळा, किंवा तुम्हाला वाटेल ते करा, पण कुणाच्या हाती लागू देऊ नका. सभेत शिक्क्याचं काही निघालं तर हे सांगणार आहेत की तो मी मारला आणि ते बघत होते. मी म्हटलं, सांगा. माझी तयारी आहे. सगळ्या याफाने माझ्याकडे बोट दाखवलं तरी आता मला कापरं भरत नाही. तुमच्या त्या कागदाने एवढं केलं. तो वाद जिंकून देणार नसेल, पण मी त्या रात्रीपासून झोपते आहे.

सभेत तुम्ही यांच्याविरुद्ध बोला, बाबा. खुशाल बोला, तुम्हाला पटतं ते सगळं बोला, हातचं राखू नका. यांनाही तेच हवंय. म्हणाले, "गुरुजी टेबलावर बोटं वाजवतील ना? कान आसुसलेत."

पण सभा संपली की यरुशलेमच्या गाडीत लगेच बसू नका. कोपलला सांगून ठेवलंय, तो तुम्हाला आधी इकडे आणेल. निकाल काही का लागेना. भाकरी खाऊ नका, फळ खाऊ नका, आमच्या भांड्याला हात लावू नका. मी विहिरीतून ताजं काढीन, तुमच्याच पेल्यात ओतीन. पाणी प्या, बाबा. पाण्याला सातवं वर्ष लागत नाही.

तुमची लेक आणि गेदाल्याची बायको, दोन्ही,
हेन्या